हिशोब सांगा ताई: अठ्ठावीस दिवसांचा महिना आणि विहिरीवरचं सिम

मागच्या अंकात गॅसचा हिशोब लिहिताना सहज एक वाक्य टाकलं होतं, की सिलिंडर किती दिवस पुरतो ते घरातल्या बाईला पाठ असतं पण मोबाईलवर वर्षाला किती जातात विचारलं की सगळे आढ्याकडं बघायला लागतात. झालं, या वेळी निम्मी पत्रं मोबाईलचीच आली. बरं झालं, कारण हा माझा जुना विषय आहे. सांगलीत आमचा एसटीडी बूथ होता, तो बंद पडल्यावर त्याच गाळ्यात रिचार्जचं दुकान टाकलं, आता पुतण्या बघतो आणि मी इथं लिहिते. बूथमध्ये काचेच्या केबिनवर लाल आकडे पळायचे, माणूस आईशी बोलत असला तरी एक डोळा मीटरवर, आणि रात्री अकरानंतर पाव दर लागायचा म्हणून लोकं साडेदहापासून बाकड्यावर येऊन बसायची. दर सगळ्यांना माहीत होता कारण दर डोळ्यासमोर पळत होता. आता मीटर दिसत नाही, सगळा घोळ तिथंच आहे.

प्रश्न: नमस्कार ताई. आम्ही तासगाव तालुक्यातले, तीन एकर द्राक्षबाग आहे. घरात मी, मंडळी, वडील आणि पोरगा, पोरगा पुण्याला इंजिनियरिंगला आहे. आमच्या तिघांची सिमं जिओची, वडिलांचं एअरटेलचं आणि त्यांच्याकडं बटणाचा फोन आहे. चौघांना दर महिन्याला २९९ चा मारतो. शिवाय विहिरीवर एक आणि बोअरवर एक असे दोन मोबाईल स्टार्टर, म्हणजे फोन लावून मोटर चालू करायचे डबे आहेत, त्यात पण एअरटेलची सिमं आहेत, त्यांना १९९ चा मारतो, नाही मारला तर फोन लागत नाही आणि मोटर चालू होत नाही. मी धरून चाललोय महिन्याला सोळाशे म्हणजे वर्षाला एकोणीस हजार. पोरगं म्हणतंय बाबा तुमचा हिशोब चुकलाय. कोण बरोबर? आणि कमी कुठं होईल?

उत्तर: पोरगं बरोबर आहे, त्याला माझ्याकडून एक पेटी द्राक्षं द्या.

तुमचा महिना तीस दिवसांचा आहे आणि रिचार्जचा महिना अठ्ठावीस दिवसांचा. ३६५ ला २८ नं भागा, तेरा येतात. वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. चौघांचे २९९ म्हणजे ११९६, दोन स्टार्टरचे ३९८, एका फेरीला १५९४. याला बारानं गुणलं की १९,१२८, तुमचे एकोणीस हजार ते हेच. पण तेरानं गुणलं की २०,७२२. हा जो तेरावा महिना आहे तो कॅलेंडरात कुठंच नाही, फक्त तुमच्या खिशात आहे. लोकांची ही ओरड ट्राय म्हणजे मोबाईल कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेपर्यंत गेली होती, आणि २०२२ च्या जानेवारीत ट्रायनं सगळ्या कंपन्यांना सांगितलं की तीस दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारा असा किमान एकेक प्लॅन ठेवलाच पाहिजे. ठेवलेत त्यांनी, पण दुकानात कोण मागत नाही आणि ॲपमध्ये ते पहिल्या पानावर दिसत नाहीत. गंमत बघा, जिओचा २९९ चा अठ्ठावीस दिवसांचा आणि ३१९ चा अख्ख्या कॅलेंडर महिन्याचा, दोन्हीला रोज दीड जीबी. बघणारा म्हणणार २९९ स्वस्त. तेरा वेळा २९९ म्हणजे ३८८७, बारा वेळा ३१९ म्हणजे ३८२८. वीस रुपयांनी महाग दिसणारा वर्षाला एकोणसाठ रुपयांनी स्वस्त पडतो.

म्हणून माझी सवय अशी आहे की प्लॅनच्या वरचा आकडा बघायचाच नाही, त्याला दिवसांनी भागायचं. २९९ भागिले २८, दिवसाला १० रुपये ६८ पैसे. तोच दीड जीबी ७९९ ला ८४ दिवस मिळतो, तो दिवसाला साडेनऊ रुपये पडतो. ही जुलै २०२४ च्या दरवाढीनंतरची भावं आहेत, तुम्ही वाचाल तोवर पुढंमागं झाली असतील, मोबाईलवर कॅल्क्युलेटर आहेच, भागायची रीत बदलत नाही. ८४ दिवसांवर गेलात की माणशी वर्षाला चारशे पंधराच्या आसपास वाचतात, तुम्ही, वहिनी आणि पोरगा मिळून साडेबाराशेला थोडे कमी.

पण खरी गळती तिथं नाही. खरी गळती तुमच्या वडिलांच्या बटणाच्या फोनात आहे. अहो त्यांच्या फोनवर डेटा वापरायचा कुठं? रोज रात्री बारा वाजता तो डेटा न वापरता मरतोय आणि तुम्ही दुसऱ्या दिवशीचा परत विकत घेताय. तीच गोष्ट स्टार्टरची, मोटर काय यूट्यूब बघत नाही. डिसेंबर २०२४ ला ट्रायनं नियम काढला की ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी नुसता कॉल आणि एसएमएसचा प्लॅन कंपन्यांनी दिलाच पाहिजे, आणि असल्या व्हाउचरची मुदत नव्वद दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवायला परवानगी दिली. त्यावर जानेवारी २०२५ मध्ये प्लॅन आले, एअरटेलचे ४६९ ला ८४ दिवस आणि १८४९ ला ३६५ दिवस, जिओचे ४४८ ला ८४ दिवस आणि १७४८ ला ३३६ दिवस. ३३६ वाचताना डोळे उघडे ठेवा, ते वर्ष नाही, ते बारा वेळा अठ्ठावीस आहे. तुमच्या तिन्ही बिनडेटाच्या सिमांना १८४९ चा मारला तर वडिलांचे ३८८७ चे १८४९ होतात आणि प्रत्येक स्टार्टरचे २५८७ चे १८४९. सगळं जोडून २०,७२२ चे सोळा हजाराला थोडे कमी होतात, म्हणजे पावणेपाच हजार वाचले, आणि घरातल्या कोणाचं एक मिनिट बोलणं कमी झालं नाही.

स्टार्टरचं अजून एक सांगते कारण यात लई लोकांचे पैसे गेलेत. जुने मोबाईल स्टार्टर टूजीवर चालतात आणि जिओला टूजी नाहीच, त्यामुळं स्वस्त आहे म्हणून जिओचं सिम घालून बघाल तर स्टार्टर मुका बसेल आणि तुम्ही मेकॅनिकला बोलवून पाचशे घालवाल. सिम बदलायच्या आधी डब्यावर टूजी का फोरजी ते वाचा. पूर्वी हे सिम फुकटात पडून राहायचं, लाइफटाइम इनकमिंग म्हणून एकदा घातलं की झालं, पण २०१८ च्या शेवटी कंपन्यांनी दर अठ्ठावीस दिवसांना ३५ रुपये तरी मारा म्हणून सुरू केलं आणि तिथून ते वाढत वाढत १९९ वर आलं. शेतातल्या माणसाला हे कोण येऊन सांगितलं नाही, मोटर बंद पडल्यावर कळलं.

आणि हो, मोठा रिचार्ज स्वस्त पडतो हे सांगताना मला ऊसतोडीची मंडळी आठवतात. हंगामाला बीडकडून आलेले जोडपे दुकानात यायचे, मी कितीही सांगितलं ८४ दिवसांचा घ्या म्हणून तरी त्यांच्या हातात तेवढे पैसे एकदम नसायचे, मग सगळ्यात छोटाच मारायचे. म्हणजे ज्याच्याकडं एकदम आठशे आहेत त्याला दिवस साडेनऊला आणि ज्याच्याकडं नाहीत त्याला पावणेअकराला. तुमच्या बागेत कायमची गडीमाणसं असतील तर द्राक्षाच्या सीझनला त्यांचा मोठा रिचार्ज तुम्ही मारा आणि पगारातून थोडे थोडे कापा, त्यांचं भलं होईल.

प्रश्न: ताई मी मिरजेत हॉस्पिटलला स्टाफ नर्स आहे. सारखी नाइट असते, रिचार्ज संपलेला कळत नाही, म्हणून पोस्टपेड घ्यायचं म्हणतेय. ४४९ चा प्लॅन सांगतायत. घ्यावा का?

उत्तर: एकटीसाठी घेऊ नकोस गं.

प्रीपेडच्या आकड्यात कर आत असतो. पोस्टपेडचा जो आकडा जाहिरातीत असतो त्यात नसतो, वर अठरा टक्के जीएसटी लागतो. ४४९ चं बिल येतं ५२९ रुपये ८२ पैसे. बारा महिन्यांचे ६३५८. तेच काम प्रीपेडमध्ये साडेतीन हजारात होतंय. मधले अठ्ठावीसशेच्या वर तू कशाचे देणार आहेस तर विसरायची मुभा म्हणून. त्यापेक्षा ८४ दिवसांचा मार आणि फोनमध्ये ८२ व्या दिवसाचा अलार्म लाव.

घरातले तिघं मिळून घेणार असाल तर मात्र गणित फिरतं. जिओच्या ४४९ वर दीडशेला एक असं घरातलं सिम जोडता येतं, दोन जोडली की ७४९, वर कर धरून ८८३ रुपये ८२ पैसे. तिघांत वाटले तर माणशी २९५ सुद्धा नाहीत, आणि इथं महिना खरा महिना असतो, बारा बिलं. वर्षाला माणशी ३५३५. हे ८४ दिवसांच्या प्रीपेडच्या जवळ गेलं. फक्त तो डेटा मुळातला सगळ्यांत मिळून असतो, रोजचा कोटा नसतो, म्हणजे नणंदेच्या पोरानं सुट्टीत येऊन रील बघितले की तुझ्या बिलात पर जीबीचे जादा लागतात. ती लिमिट ॲपमध्ये लावून घे. पहिल्या बिलात मधल्या तारखेपासूनचे दिवस आणि पुढच्या महिन्याचं ॲडव्हान्स असं दोन्ही लागू शकतं, घाबरून भांडायला जाऊ नकोस, आधी बिलाचं दुसरं पान वाच. आणि पुढं कंपनी बदलायची झाली तर पोस्टपेडची सगळी बाकी भरल्याशिवाय नंबर पोर्ट होत नाही.

प्रश्न: मी कुपवाड एमआयडीसीत सहा वर्षं आहे. कंपनीनं सिम दिलंय, रिचार्ज कंपनीच करते म्हणून स्वतःचा नंबर मी बंदच करून टाकला, म्हटलं कशाला दोन दोन. आता दुसरीकडं ऑफर आहे. हा नंबर माझ्याकडं राहील का?

उत्तर: फुकटचं सिम सगळ्यात महाग पडतं ते असं.

नंबर तुमच्या खिशात आहे पण नावावर कंपनीच्या आहे. कॉर्पोरेट नंबर पोर्ट करायचा किंवा नावावर करायचा तर कंपनीचं ऑथरायझेशन लेटर लागतं, त्यांनी नाही दिलं तर तुमच्या हातात काही नाही. राजीनामा टाकायच्या आधी, परत लिहिते, आधी, एचआरला विचारा, संबंध गोड असतानाच ही कामं होतात. देतायत तर लेखी घ्या. नाही म्हणाले तर आजच स्वतःच्या नावावर एक प्रीपेड घ्या आणि बँक, आधार, पीएफ, गॅस, यूपीआय हे सगळं एकेक करून तिकडं हलवा, जुना नंबर चालू आहे तोवरच हे सोपं आहे कारण नंबर बदलायचा ओटीपी बऱ्याच ठिकाणी जुन्यावरच येतो. तुमच्या नावावर नक्की किती सिमं आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं, एका माणसाला नऊपर्यंत चालतात, तुम्ही न घेतलेलं एखादं दिसलं तर तिथंच कळवता येतं.

प्रश्न: आमचं गाव शिराळा तालुक्यात, चांदोलीच्या बाजूला. घरात रेंज येत नाही, बोलायचं तर पाण्याच्या टाकीवर चढायला लागतं. वर्षाचा रिचार्ज मारून बसलोय, तीन महिने झाले. कंपनी बदलू का वर्ष संपू देऊ?

उत्तर: सगळ्यात स्वस्त प्लॅन तो, जो टाकीवर न चढता चालतो. तुम्ही दिवसाला दहा रुपये देताय आणि वापरताय टाकीवरचा अर्धा तास, त्याचं भागाकार करून बघा किती पडतं ते.

पण घाई करून दुसऱ्या खड्ड्यात पडू नका. आधी पाहुण्याचं, शेजाऱ्याचं, डेअरीतल्या माणसाचं असं दुसऱ्या कंपनीचं सिम दोन दिवस मागून घ्या, तुमच्याच फोनात घाला आणि घरात, परसात, गोठ्यात, रात्री लाइट गेल्यावर असं चार ठिकाणी चार वेळा फोन लावा. लाइट गेल्यावर बघा हे मुद्दाम सांगतेय, आपल्याकडं डोंगराच्या बाजूला कितीतरी टॉवर लाइटीबरोबर जातात. कंपन्यांना आता वेबसाइटवर कव्हरेजचा नकाशा द्यावा लागतो, तोही बघा, पण नकाशाला तुमच्या घराची भिंत माहीत नसते.

पटलं की मग पोर्ट. मोठ्या अक्षरात पी ओ आर टी, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, आणि १९०० ला एसएमएस. आठ अक्षरांचा कोड येतो, आपल्या सर्कलमध्ये तो चार दिवस चालतो, तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात आधारसकट जायचं, कामाच्या तीन दिवसांत व्हायला पाहिजे. या कंपनीत किमान नव्वद दिवस झालेले लागतात, तुमचे झालेत. हल्लीच सिम बदलून घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं, हा नियम जुलै २०२४ पासूनचा, फसवणूक वाढल्यामुळं. प्लॅनमध्ये एसएमएस नाहीत म्हणून १९०० ला मेसेज जात नाही असं कोण सांगितलं तर ऐकू नका, ट्रायनं डिसेंबर २०२१ मध्येच सांगितलंय की प्लॅन कुठलाही असो, पोर्टचा मेसेज गेलाच पाहिजे.

तुमचे उरलेले नऊ महिने मात्र जातात, ते नवीन कंपनीत येत नाहीत. म्हणून मी म्हणते रेंजची खात्री नसलेल्या गावात वर्षाचा मारूच नये. आता तो पैसा गेलाच आहे, तुम्ही टाकीवर चढलात म्हणून परत येणार नाही. म्हातारी माणसं असतील, रात्री दवाखान्याची गरज लागत असेल तर आजच बदला. दोन सिमांचा फोन असेल तर हे सिम वर्षभर दुसऱ्या खणात राहू द्या आणि नवीन कंपनीचा छोटा प्लॅन घरासाठी घ्या, असंही चालतं.

प्रश्न: विट्याहून लिहितोय. नवा फोन घ्यायचाय, १८ हजाराचा. दुकानदार म्हणतो नो कॉस्ट ईएमआय, बारा हप्ते, एक रुपया व्याज नाही. खरंच नसतं का?

उत्तर: व्याज असतं, फक्त दुसऱ्या नावानं असतं. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलंय की शून्य टक्के व्याज असा प्रकारच नसतो. होतं काय, बँक व्याज लावते आणि तेवढीच सूट विकणारा किमतीत देतो, म्हणून बेरीज सारखी दिसते. समजा व्याज दीड हजार निघालं, तर त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी २७० रुपये, तो सूटमध्ये नसतो, तुम्ही भरता. प्रोसेसिंग फी समजा १९९, वर कर, २३५ झाले. झाले पाचशे पाच. शिवाय रोख दिले असते तर दुकानदारानं जे पाचशे किंवा हजार सोडले असते ते गेले. दुकानात एकच प्रश्न विचारा, रोखीत शेवटचा भाव काय? दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमचं व्याज.

हप्ता चुकला तर दंड आणि वर सिबिल म्हणजे कर्जाची पत बिघडते, ते वेगळंच.

परदेशात फोन फुकट देतात आणि दोन तीन वर्षं कंपनीशी बांधून ठेवतात, फोनची किंमत दर महिन्याच्या बिलात मुरवलेली असते. आपल्याकडं ती रीत फारशी रुजली नाही, पण जुन्या लोकांना आठवत असेल, २००३ मध्ये रिलायन्सनं ५०१ रुपयांत फोन काढला होता, आमच्या दुकानासमोर ही रांग. त्या सेटमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नव्हतं, सेट तुमचा पण कुलूप त्यांचं. ते पाचशे एक बघून आम्ही पण हुरळलो होतो, मीटरकडं बघायची सवय तिथूनच सुटली असं मला वाटतं.

फोनच्या किमतीचा रिचार्जशी संबंध आहे का, तर आहे. जुलै २०२४ नंतर अनलिमिटेड फाइव्हजी बहुतेक करून रोज दोन जीबीच्या आणि त्याच्या वरच्याच प्लॅनवर मिळतं. म्हणजे फाइव्हजीचा फोन घेऊन खाली दीड जीबीचा प्लॅन मारणार असाल तर त्या फाइव्हजीचे जादा पैसे फोनात का घालताय? आणि विट्यात तुमच्या गल्लीत फाइव्हजी येतंय का ते आधी बघा की.

प्रश्न: रिचार्ज दुकानात करावा का ॲपवर? पुतण्याचं दुकान आहे म्हणून दुकान म्हणू नका. (एक वाचक, पलूस)

उत्तर: हुशार आहात. कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर करा, तिथं जादा काही लागत नाही. पैसे पाठवायच्या ॲपवर रिचार्ज केला तर एक दोन तीन रुपये सोयीचे म्हणून कापतात, शेवटच्या बटणावर बारीक लिहिलेलं असतं. दुकानात जास्त मागितले तर देऊ नका, पुतण्यानं मागितले तर मला सांगा. आणि दहाचा टॉपअप मारणाऱ्यांना, तुम्हाला हातात ७ रुपये ४७ पैसे मिळतात, बाकीचे वाटेत जातात, ते गरजेपुरतंच करा.

प्रश्न: कवठेमहांकाळ. माझ्या बॅलन्समधून दर आठवड्याला पैसे कटतायत, कसलं तरी गाण्याचं पॅक म्हणे, मी घेतलेलंच नाही. कस्टमर केअरला सात वेळा फोन केला, दर वेळी वेगळी मुलगी, दर वेळी पहिल्यापासून. कंटाळलोय.

उत्तर: १५५२२३ ला फोन लावा, फुकट आहे, असली सगळी पॅकं तिथून बंद होतात. आधी ते करा, भांडण नंतर.

भांडणाची पण रीत आहे. १९८ ला तक्रार करा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तुमचे सात फोन वाया गेले ते यामुळंच, नंबर नाही तर तक्रार झालीच नाही असं धरतात. तारीख आणि नंबर कागदावर लिहा. निकाल पटला नाही तर त्याच कंपनीत अपील ऑथॉरिटी असते, तिच्याकडं तीस दिवसांत जायचं, त्याचे पैसे लागत नाहीत. तरी नाही झालं तर १९१५, ग्राहक हेल्पलाइन, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. मोबाईलच्या तक्रारी ग्राहक कोर्टात चालत नाहीत असं कंपन्यांचे वकील पूर्वी म्हणायचे, सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०२२ मध्ये तो वाद संपवला, चालतात. आठवड्याला पाच सात रुपयांसाठी कोण कोर्टात जातं म्हणाल, तर कंपनीला पण तेच वाटतं. वर्षाचे साडेतीनशे झाले तुमचे.

शेवटचं पत्र सांगलीचंच आहे. लांब होतं, थोडं कमी करून देते.

प्रश्न: ताई, बाबा जाऊन दोन वर्षं होत आली. त्यांचा नंबर मी अजून चालू ठेवलाय, दर महिन्याला रिचार्ज करते. मिस्टर म्हणतात कशाला, वर्षाला अडीच हजार जातात. आईच्या गॅसचं बुकिंग त्यावर आहे, बाबांच्या बँकेचे मेसेज पण अजून त्यावर येतात, खातं मी बंदच केलेलं नाही. आणि खरं सांगू का, कधीतरी मी त्यावर फोन लावते, कपाटात वाजतो. बंद करू का?

उत्तर: बंद करायचा का नाही हे मी सांगणार नाही. पण आज लगेच करू नका, आणि कारण पैशाचं नाही.

रिचार्ज थांबवला की आधी जाणारे कॉल बंद होतात, मग येणारे, आणि नव्वद दिवस काहीच वापर नसला की कंपनी नंबर काढून घेऊ शकते. काढून घेतलेला नंबर आणखी किमान नव्वद दिवस कोणाला देत नाहीत, पण त्यानंतर तो दुसऱ्या माणसाला मिळतो. मग बाबांच्या खात्याचे मेसेज आणि ओटीपी त्या परक्या माणसाच्या फोनवर जातील. आणि तुम्ही फोन लावाल तेव्हा कोण तरी हॅलो म्हणेल. त्याची तयारी आहे का बघा.

आधी बँकेत जा, मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद घेऊन खात्याचं काय ते मार्गी लावा, दोन वर्षं फार झाली. आईचं गॅस बुकिंग आईच्या नंबरवर घ्या. एलआयसी, पोस्ट, लाइट बिल, घरपट्टी, जिथं जिथं हा नंबर दिलाय त्याची वहीत यादी करा, महिनाभर येणारे मेसेज बघून लिहीत गेलात की एकही सुटणार नाही.

ठेवायचा ठरला तर नुसत्या कॉलचा वर्षाचा प्लॅन मारा, १८४९ म्हणजे महिन्याला दीडशेच्या आसपास, मिस्टरांना हा आकडा सांगा. आणि नंबर तुमच्या किंवा आईच्या नावावर करून घ्या, कंपनीच्या गॅलरीत मृत्यूचा दाखला, तुमचं आधार आणि नात्याचा कागद नेला की होतं. दुकानात सिम ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच स्वतः यावं असं म्हणाले तर दाखला पुढं करा, वाद घालू नका. फोन चार्ज करून ठेवत जा, बटणाचा असेल तर बॅटरी फुगते पडून.